तीस रेघांचा टीव्ही घरी कसा करायचा आणि त्यावर काय बघायचं

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानात मी बारा केशरी एलइडी मागितले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, गणपतीच्या मखराला ना? मग माळच घ्या, स्वस्त पडेल." मी म्हटलं, "मखराला नाही रे, टीव्ही करायचाय." त्यानं आत मालकांना हाक मारली. मालक माझ्याच वयाचे, पासष्टीच्या पुढचे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फिरत्या चकतीचा का?" आणि बाराही एलइडी एकेक करून मीटरवर तपासून दिले. त्याच दिवशी ठरवलं, हे सगळं नीट लिहून ठेवायचं.

आधी हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगते, कारण पुढे काय बघायचं ते त्यावरच ठरलं. 'एल्स्ट्री कॉलिंग' नावाचा १९३० सालचा ब्रिटिश बोलपट आहे. त्याला गोष्ट अशी नाही. एकामागून एक गाणी, नाच, नकला. सिनेमाला नुकताच आवाज आला होता, त्यामुळे अमेरिकेत आणि इंग्लंडात त्या एक-दोन वर्षांत बहुतेक मोठ्या स्टुडिओंनी आपापले गाणारे-नाचणारे जमवून असा एकेक 'रिव्ह्यू' काढला. या सिनेमातला कार्यक्रम टेलिव्हिजनवर चाललाय अशी कल्पना केलेली आहे. घरात एक गृहस्थ, गॉर्डन हार्कर नावाचा नट, आपला टीव्ही संच लावायला बसलेला असतो. स्क्रू फिरवतो, ठोकतो, पुन्हा जुळवतो. तिकडे सगळा कार्यक्रम होऊन जातो आणि याला चित्र काही लागत नाही.

तो माणूस बघताना मला आमचा नारायण पेठेतला वाडा आठवला. १९७३ साली सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसायला लागले. आमच्या वाड्यात एकच संच, आणि दादा कौलांवर चढून अँटेना सिंहगडाकडे वळवायचा. वरून "आलं का?" खालून आम्ही, "गेलं! मुंग्या, मुंग्या! हां, थांब, आलं!" छायागीतातली अर्धी गाणी अशी गेली. म्हणून मला त्या गृहस्थाचा संच एकदा लागलेला बघायचा होता. १९३० साली लागला असता तर त्याला नेमकं काय दिसलं असतं?

उत्तर हवं तर संच करावाच लागतो. मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, तरी सांगते, यात अकरावीच्या पलीकडचं काही नाही. मला साधारण अडीच हजार रुपये आणि तीन महिने लागले. दोन महिने चुकांमध्ये गेले, ते तुमचे वाचावेत.

काय करायचंय ते आधी डोळ्यांसमोर आणा

पाउल निपकोव्ह या जर्मन विद्यार्थ्यानं १८८४ साली ही कल्पना मांडली. एक गोल चकती, तिच्या कडेजवळ बारीक भोकांची एक फेरी, पण प्रत्येक भोक आधीच्या भोकापेक्षा जरासं आत. चकती फिरली की एकेक भोक खिडकीसमोरून एकेक रेघ ओढत जातं. मागे एकच दिवा, क्षणाक्षणाला कमी-जास्त उजळणारा. भोक आणि दिवा यांचा ताल जुळला की डोळ्याला पूर्ण चित्र दिसतं. जॉन लोगी बेअर्डनं याच तत्त्वावर २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये, सोहोच्या फ्रिथ स्ट्रीटवरच्या खोलीत, जाणकारांना हलते चेहरे दाखवले. त्याच्या आदल्या वर्षी २ ऑक्टोबरला त्यानं पहिल्यांदा एका बाहुल्याचं डोकं ओळखू येईल इतकं स्पष्ट मिळवलं होतं. आपलं मुंबई दूरदर्शनही २ ऑक्टोबरलाच सुरू झालं, १९७२ साली. हा योगायोग मला फार आवडतो.

बेअर्डच्या प्रक्षेपणाचं माप असं: ३० उभ्या रेघा, सेकंदाला साडेबारा चित्रं, म्हणजे चकती मिनिटाला ७५० फेरे. चित्र रुंदीला ३ तर उंचीला ७. आपल्या वाड्यांच्या मोठ्या दरवाज्यात जो छोटा दिंडी दरवाजा असतो ना, तसा आकार. एक माणूस उभा मावतो, दुसरा शिरला तर दाटी. हे प्रमाण मनात पक्कं ठेवा, पुढे गाणं निवडताना लागेल.

चकती

सगळा जीव हिच्यात आहे. माझी पहिली चकती काळ्या माउंट बोर्डची होती, कंपासनं आखली आणि सुईच्या टोकानं भोकं पाडली. मोटर लावली, दिवा लावला आणि पाहते तर उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सतरंजी. कारण साधं आहे. एखादं भोक केसभर जास्त आत गेलं की त्या रेघेच्या एका बाजूला अंधाराची फट पडते आणि दुसऱ्या बाजूला दोन रेघा एकमेकींवर चढून लख्ख पट्टा उमटतो. आपल्याला ०.४ मिलिमीटरच्या पायऱ्या पाडायच्या आहेत. हाताला ते जमत नाही. सुई-ड्रिलच्या वाटेला जाऊच नका.

मला उपयोगी पडला स्क्रीन प्रिंटिंगवाला. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे 'पॉझिटिव्ह' काढतात ती पारदर्शक फिल्म असते, काळा भाग अगदी ठार काळा आणि बाकी काचेसारखा. कॉम्प्युटरवर चकतीचं चित्र काढायचं आणि त्याची पॉझिटिव्ह काढून घ्यायची. आकडे असे घ्या: चकतीचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे एलपी रेकॉर्डएवढी. पहिलं भोक मध्यापासून १४१ मिलिमीटरवर, दर १२ अंशांनी पुढचं भोक ०.४ मिलिमीटर आत. तिसावं भोक १२९.४ वर येतं. भोकं गोल नकोत, ०.४ मिलिमीटर बाजूची चौकोनी ठेवा, म्हणजे रेघा कडेला कड लावून बसतात. याचं चित्र येतं १२ मिलिमीटर रुंद आणि २८ मिलिमीटर उंच. पोस्टाच्या तिकिटाला उभं ताणल्यासारखं. घाबरू नका, पुढे भिंग लावायचंय.

भोकांची दिशा चुकवू नका. बेअर्डची रेघ खालून वर जाते आणि पहिली रेघ बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. म्हणून चकती समोरून बघताना घड्याळाच्या उलट फिरली पाहिजे, खिडकी तिच्या उजव्या बाजूला हवी, आणि सगळ्यात बाहेरचं भोक आधी, मग क्रमानं आतली, अशी खिडकीसमोर आली पाहिजेत. चुकलंच तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतील. तेव्हा चकती काढून पालथी घाला. चित्र उलटं टांगल्यासारखं डोकं खाली दिसलं आणि डावं-उजवंही बदललं, तर चकतीला हात लावू नका, खिडकी आणि दिवा डाव्या बाजूला न्या.

नुसती फिल्म लटलटते. नेमप्लेट-ट्रॉफीवाल्याकडून २ मिलिमीटरच्या पारदर्शक ॲक्रिलिकची चकती लेझरनं कापून घ्या आणि मधलं भोकही त्याच वेळी लेझरनंच पाडून घ्या. फिल्म त्याला पातळ दुतर्फी टेपनं चिकटवायची, टेप फक्त मध्याकडच्या भागात.

मधल्या भोकाबद्दल दोन वाक्यं जास्त. माझी दुसरी चकती दिसायला निर्दोष होती, पण फिल्म चिकटवताना तिचा मध्य अर्धा मिलिमीटर सरकला. अर्धा मिलिमीटर म्हणजे एका रेघेपेक्षा जास्त! झालं काय, की चित्राच्या एका भागात रेघा दाटीनं बसल्या आणि दुसऱ्या भागात विरळ झाल्या. गाणाऱ्या बाईचा एक गाल फुगलेला, दुसरा चपटा. मी आठवडाभर सर्किटमध्ये दोष शोधत बसले. तेव्हा फिल्मवर मध्याभोवती ॲक्रिलिकच्या भोकाएवढंच एक बारीक वर्तुळ छापून घ्या आणि भिंगाखाली दोन्ही वर्तुळं एकमेकांवर आणून मगच दाबा. चकती मोटरच्या दांड्यावर बसवायला ॲल्युमिनियमची फ्लँज लागते, ती नाना पेठेतल्या लेथवाल्यानं अर्ध्या तासात करून दिली. मोटर सोबत घेऊन जा, दांड्याचं माप तोंडी सांगू नका.

मोटर आणि वेग

जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी मोडलेले प्रिंटर मिळतात. त्यातली १२ व्होल्टची डीसी मोटर उत्तम. गिअरवाली घेऊ नका, तिच्या दात्यांची थरथर चित्रात उतरते. वेग कमी-जास्त करायला तयार पीडब्ल्यूएम बोर्ड मिळतो, पण त्यावरचा पॉट, म्हणजे कमी-जास्त करायचं फिरतं बटण, बदलून दहा फेऱ्यांचा बारीक पॉट लावा. साध्या पॉटवर ७५० फेरे पकडणं म्हणजे सुरीच्या धारेवर मोहरी ठेवणं.

आता ७५० झाले हे कळणार कसं? मीटर नको. चकतीच्या मध्याजवळ कागदाचं एक कडं चिकटवा, त्यावर आठ काळे आणि आठ पांढरे सारखे भाग. त्यावर चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटचा उजेड पाडा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. चकती सेकंदाला साडेबारा फेरे घेत असेल तर दोन लुकलुकींमध्ये ती बरोबर एक अष्टमांश वळते आणि आठ पट्टे जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. पट्टे मागे सरकताना दिसले तर वेग थोडा कमी पडतोय, पुढे सरकले तर थोडा जास्त होतोय. जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीला कडेनं ठिपके असायचे, तीच ही युक्ती. एलइडी बल्बखाली हे बहुतेक दिसत नाही, म्हणून ट्यूब नसेल तर जुन्या स्विचबोर्डवरचा लाल निऑन इंडिकेटर वापरा. बेअर्डच्या घरगुती संचातही मागे निऑनचाच दिवा होता, त्यामुळे त्या वेळच्या लोकांनी सगळा टेलिव्हिजन केशरी-लाल रंगात पाहिला. मी अंबर एलइडी घेतले ते त्यासाठीच.

चकती फिरवण्याआधी तोल बघा. दांड्यावर सैल ठेवून कुठली बाजू खाली येते ते पाहा आणि समोरच्या बाजूला मेणाचा बारीक गोळा लावा. चकतीला पुढून-मागून प्लायवूडची पेटी हवीच. ७५० फेऱ्यांची ॲक्रिलिकची कड बोट कापते. घरात लहान मुलं असतील तर पेटी पूर्ण झाल्याशिवाय मोटर सुरू करू नका.

दिवा

बारा अंबर एलइडी, चार-चारच्या तीन माळा, प्रत्येक माळेत ४७ ओहमचा रेझिस्टर, सगळ्या मिळून बीडी१३९ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटरला २२ ओहम. बेसला एलएम३५८ ऑपॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, आणि त्याचा फीडबॅक एमिटरवरून. १२ व्होल्टवर माळांमधून एकूण साठेक मिलिॲम्पिअर जातात. हेडफोनच्या पिनेतून येणारा सिग्नल कपॅसिटरमधून ऑपॲम्पला द्यायचा. दोन पॉट हवेत: एक सिग्नलची उंची ठरवतो, तो आपला काँट्रास्ट, दुसरा स्थिर व्होल्टेज देतो, तो ब्राइटनेस. दुसरा विसरू नका. हेडफोनच्या वाटेनं चित्राची सरासरी उजेडाची पातळी हरवते, ती हातानं परत द्यावी लागते.

एलइडी सोल्डर करून दाटीनं बसवा आणि पुढे दीड सेंटिमीटरवर बटर पेपरचे दोन थर. उजेड एकसारखा पसरला पाहिजे, एलइडीचे ठिपके वेगवेगळे दिसता कामा नयेत. पेटी आतून ब्लॅकबोर्डच्या काळ्या रंगानं रंगवा, चकाकणारा रंग नको. खिडकीपुढे वाचायचं मोठं भिंग लावा. अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीवाल्यांकडे मिळतं.

चित्राची फाइल

हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. तीस रेघांचं चित्र इतकं किरकोळ असतं, की ते आवाजाच्या तारेतून जातं. म्हणूनच बीबीसीच्या साध्या मध्यम लहरींच्या रेडिओ केंद्रावरून ते पाठवता आलं. ३० सप्टेंबर १९२९ ला ही प्रक्षेपणं सुरू झाली तेव्हा केंद्र एकच उपलब्ध होतं. गाणारा आधी नुसता दिसायचा, आवाज नाही, आणि मग तोच नुसता ऐकू यायचा, चित्र नाही. दोन्ही एकत्र यायला ३१ मार्च १९३० उजाडावं लागलं. चित्राचा सिग्नल स्पीकरवर ऐकला तर भुंग्यासारखी खरखरीत गुणगुण येते, सेकंदाला ३७५ रेघांची. माणसानं मान हलवली की तिचा पोत बदलतो. फाइल तयार झाली की एकदा जरूर ऐका. चेहऱ्याला असा आवाज असतो हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

फाइल करायला फुकट प्रोग्राम मिळतात, पण माझ्या भाचीनं पायथनमध्ये साठ-सत्तर ओळींत लिहून दिलं. काम असं: व्हिडिओतून सेकंदाला साडेबारा फ्रेम घ्यायच्या. प्रत्येक फ्रेममधून ३:७ चा उभा तुकडा कापायचा. तो काळा-पांढरा करून ३० स्तंभांत बसवायचा. मग सगळ्यात उजवा स्तंभ खालून वर वाचायचा, त्याच्या डावीकडचा खालून वर, असं तिसाव्यापर्यंत. उजेड जितका, तितका आवाजाचा आकडा मोठा. सॅम्पल रेट ४८,००० ठेवा, कारण ४८,००० ला ३७५ नं भागलं की बरोबर १२८ येतात. प्रत्येक रेघेला पूर्ण १२८ सॅम्पल, अपूर्णांक नाही, चित्र हळूहळू सरकत जाण्याचं एक कारण मुळातच संपतं. डाव्या चॅनलवर चित्र, उजव्यावर गाणं. फाइल डब्ल्यूएव्हीच ठेवा. एमपी३ केलीत तर कानाला फरक कळणार नाही, पण चित्र ओल्या हातानं पुसल्यासारखं होईल. कॉम्प्युटर-मोबाइलवरचा इक्वलायझर, बास बूस्ट, सगळं बंद. माझ्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर 'आवाज सुधारणारी' सोय आपोआप सुरू होती, आणि आम्ही दोघी संध्याकाळभर राखाडी ढग पाहत बसलो.

काय दाखवायचं

इथे माझं मत ठाम आहे. रिव्ह्यू सिनेमांतली सगळ्यात देखणी दृश्यं, पन्नास मुली एका ओळीत पाय उचलतायत, मोठा जिना, पिसांचे पंखे, ती सगळी तीस रेघांत मरतात. त्या आडव्या चौकटीतून दिंडी दरवाज्याएवढा तुकडा कापला की हाती दीड मुलगी लागते. त्याउलट एकटा गायक, मागे काळा पडदा, अंगात पांढरा शर्ट, हात मोकळे हलतायत: हा तुकडा जिवंत होतो. म्हणून सिनेमा बघताना कागद घेऊन बसा आणि जिथे एकच माणूस कमरेपासून वर दिसतो, पार्श्वभूमी गडद आहे, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून गातो, त्या जागांची वेळ लिहून ठेवा. 'एल्स्ट्री कॉलिंग'मध्ये टॉमी हँडली कार्यक्रमांची ओळख करून देतो. कुठल्याही रिव्ह्यूतला असा निवेदक चांगला उमटतो, कारण तो एका जागी उभा राहून तोंडानं आणि भुवयांनी बोलतो.

गटाचा नाच अजिबातच दिसत नाही असं मात्र नाही. १९३३ च्या एप्रिलमध्ये बीबीसीनं 'लुकिंग इन' नावाचा रिव्ह्यू तीस रेघांत प्रक्षेपित केला, पॅरामाउंट ॲस्टोरिया गर्ल्स हा नाचणाऱ्या मुलींचा संच त्यात होता. कुणा हौशी माणसानं घरी तो सिग्नल ॲल्युमिनियमच्या तबकडीवर, गाणं ध्वनिमुद्रित करावं तसा, उतरवून ठेवला. डोनल्ड मॅकलीन यांनी कित्येक वर्षांनी त्यातून चित्र परत मिळवलं. चारेक मिनिटांचं आहे. मुली आत येतात, बाहेर जातात, पाय वर जातात, आणि हे सगळं टेलिव्हिजनसाठीच बसवलेलं असल्यामुळे कळतं. सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी बसवलेला नाच कापून टीव्हीत घालणं वेगळं आणि त्या अरुंद दारासाठीच बसवलेला नाच वेगळा, हे या दोन गोष्टी एकापाठोपाठ लावल्या की डोळ्यांनी दिसतं. मी येणाऱ्या प्रत्येकाला त्या याच क्रमानं दाखवते.

आपल्याकडचं काय लावायचं? 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागला, त्यात सात गाणी होती, पण त्याची प्रत आज कुठेच नाही. पुढच्याच वर्षीच्या 'इंद्रसभा'त तर सत्तरच्या आसपास गाणी होती. म्हणजे रिव्ह्यू हा वेगळा प्रकार आपल्याला काढावाच लागला नाही, आपला बोलपट जन्मला तोच गाण्यांसकट. मी लावते ते 'प्रभात'चं. कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच जागेत. पुण्यातला त्यांचा पहिला बोलपट 'अमृतमंथन', १९३४ चा. त्यातला राजगुरूच्या डोळ्याचा क्लोजअप, पडदाभर एकच डोळा, तीस रेघांवर लावून बघा. बुबुळ हललं की अख्खी खिडकी हलते. तीस रेघांना काय हवं असतं ते लॉ कॉलेज रोडवर कुणी न मागता करून ठेवलेलं आहे, असं मला तो डोळा बघताना दर वेळी वाटतं.

हक्कांचं थोडक्यात: आपल्या कायद्यानं चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. तेव्हाचे चित्रपट केव्हाच त्याबाहेर आहेत, पण गीत आणि संगीताचे हक्क वेगळे मोजतात. घरी बघायला अडचण नाही, इंटरनेटवर टाकायच्या आधी तपासा.

प्रत्यक्ष बघताना

खोलीत पूर्ण अंधार करा. आधी चकती फिरवा, पट्टे स्थिर करा, ट्यूब बंद, मग फाइल सुरू. पहिल्यांदा तिरक्या रेघांचा पाऊस दिसेल. पॉट अगदी हळू फिरवा. रेघा उभ्या होत जातात आणि एकदम एक चेहरा गोळा होतो. तो बहुधा मधून चिरलेला असेल, हनुवटी वर आणि कपाळ खाली. चित्र वर चढत असेल तर चकती जराशी जोरात आहे: फ्लँजला अंगठ्याचा हलका स्पर्श करा, नुसता टेकवा. खाली उतरत असेल तर पॉट पुढे. दहा मिनिटांत अंगठ्याला समजतं, मग डोकं लागत नाही. भाचीनं नंतर एक सेन्सर आणि आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड बसवून वेग आपोआप धरायची सोय केली, ती चांगली चालते. तरी पहिले काही दिवस अंगठ्यानंच लावा.

थांबलेली फ्रेम दाखवू नका. स्थिर चित्रात तीस रेघा म्हणजे नुसते डाग, ओळखीचा माणूससुद्धा ओळखू येत नाही. त्यानं मान वळवली, पापणी मिटली, की त्याच डागांचा माणूस होतो. मोबाइलनं फोटो काढून कुणाला पाठवायच्या फंदातही पडू नका. फोटोत काळे पट्टे येतात आणि समोरचा म्हणतो, "बरं." ज्याला दाखवायचंय त्याला घरी बोलवा. भिंगासमोर एका वेळी दोघंच बसतात. चित्र सेकंदाला साडेबारा वेळा लुकलुकतं, तेव्हा फिट्सचा किंवा लुकलुकत्या उजेडाचा त्रास असलेल्यांना बसवायचं नाही, आणि बाकीच्यांनीही दहा मिनिटांनी नजर बाजूला घ्यावी.

शेवटचं एक करून बघाच. घरातल्या माणसाचं गाणं मोबाइलवर उभं चित्रित करा आणि ते या संचावर लावा. तेव्हाच्या स्टुडिओत गाणारा अंधारात उभा असायचा आणि उजेडाचा एकच ठिपका त्याच्या अंगावरून भराभर फिरायचा. चेहरा पांढरा रंगवत आणि ओठ-भुवया गडद निळ्या-काळ्या, नाहीतर तीस रेघांत तोंड कुठे आहे तेच कळत नसे. मी आईला बसवलं. ती शहाऐंशी वर्षांची आहे. टाल्कम पावडरचा जाड हात, ओठांना आणि भुवयांना काजळ, मागे दाराला काळी घोंगडी, खिडक्या बंद आणि कपाळासमोर एकच टेबल लॅम्प. तिनं एक ओवी म्हटली. मग तीच फाइल लावून तिला भिंगासमोर बसवलं. पहिलं अर्धं मिनिट ती काही बोलली नाही. चित्र वर चढायला लागलं तसा मी अंगठा टेकवला आणि तिनं, पन्नास वर्षांपूर्वी अंगणातून दादाला ओरडायची तसं, हात वर करून सांगितलं, "थांब, थांब, आता हलवू नकोस. आलंय."

काजळ खोबरेल तेलानं निघतं, साबणानं नाही. तेल लावलेल्या हातानं चकतीला मात्र शिवू नका, भोकांवर बोट उमटलं की तेवढी रेघ कायमची धूसर होते. चकती काढून सपाट ठेवा, वर-खाली वर्तमानपत्र घालून. उभी टेकवून ठेवली तर उन्हाळ्यात ॲक्रिलिक वाकतं.